एकच तोतया, दोन काळ

वाईजवळ मेणवली येथे कृष्णाकाठच्या घाटावर, एका लहानशा मंदिरात पोर्तुगीज घडणीची अवजड घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. हा घाट आणि त्यालगतचा वाडा नाना फडणविसांचा. चिमाजीअप्पांचे पुत्र सदाशिवरावभाऊ यांचे नाव धारण करून एक परका माणूस पुढे सरसावला, तेव्हा त्याचा बंदोबस्त करण्याची वेळ याच नानांवर आली.

नानांचा जन्म १७४२ चा, साताऱ्याचा. १४ जानेवारी १७६१ रोजी ते ऐन तारुण्यात पानिपतावर होते. स्वतः कसेबसे बचावले, परंतु मातोश्री त्यांना कायमच्या अंतरल्या. भाऊसाहेबांचे काय झाले, हा प्रश्न मात्र दक्षिणेत अनेक वर्षे धुमसत राहिला. युद्धानंतर सापडलेले शिरविरहित धड भाऊंचेच असल्याची ओळख काशीराज पंडिताच्या वृत्तांतात नोंदवलेली आहे: मांडीवर रुपयाएवढा काळा डाग आणि पाठीवर कट्यारीच्या जुन्या जखमेचा वण. इतकी नेमकी खूण असूनही पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू मान्य केला नाही. १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. त्यांना भोळ्या ठरवणे मला अन्यायाचे वाटते, कारण ज्या घरातला माणूस परत आला नाही आणि ज्याचे अंत्यदर्शनही घडले नाही, त्या घराला दूरच्या रणांगणावरची साक्ष पुरत नाही.

या आशेच्या आधारावर सुखनिधान उभा राहिला. तो बुंदेलखंडातला कनोजी ब्राह्मण, चेहऱ्यामोहऱ्याने भाऊंसारखा. पानिपतानंतर चार-पाच वर्षांतच तो 'मीच भाऊ' म्हणून प्रकटला. थोरल्या माधवरावांनी त्याला पकडून पुण्यास आणवले, चौकशी केली, त्याच्याकडून कबुली घेतली आणि त्याला कैदेत टाकले. त्याला देहदंड दिला नाही, यात काकू पार्वतीबाईंच्या मनाचा विचार असावा असे मला वाटते. पण त्या निर्णयाने तोतया जिवंत राहिला आणि त्याच्याबरोबर शंकाही.

पुढची काही वर्षे तो निरनिराळ्या ठिकाणी कैदेत राहिला आणि शेवटी रत्नागिरीस आला. १७७६ मध्ये तेथील सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला बंधमुक्त करून भाऊसाहेब म्हणून पुढे केले. पाहता पाहता कोकणातले किल्ले त्याच्या हाती आले आणि सुमारे वीस हजारांचा जमाव त्याच्या निशाणाखाली गोळा झाला. माणूस तोच, चेहरा तोच, आणि कबुली सरकारदप्तरी नोंदलेली होती. तरीही हे घडले, याचे कारण त्या माणसापेक्षा त्या काळात शोधावे लागते. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला होता, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते, गादीवर दोन वर्षांचे सवाई माधवराव होते आणि कारभार बारभाईंच्या, म्हणजे कारभाऱ्यांच्या मंडळाच्या, हाती होता. अशा वेळी एक कर्ता, रणात गाजलेला पेशवेकुळातला पुरुष परत आला आहे, ही बातमी अनेकांना खरी असायला हवी होती, आणि ज्यांना ती खरी वाटत नव्हती, त्यांपैकी कित्येकांना ती सोयीची होती.

सुखनिधानाच्या मनाचा विचार करताना मला ही जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याने एकदा आपले खरे नाव सांगून पराभव पत्करला, त्याच्यासमोर खुद्द सुभेदार हात जोडून उभा राहतो, किल्लेदार मुजरे करतात आणि शिपाई त्याच्या शब्दावर प्राण द्यायला निघतात. असा माणूस दररोज खोटे बोलत असेल असे मला वाटत नाही. इतरांनी बहाल केलेले नाव तो हळूहळू अंगवळणी पाडून घेत असणार, आणि जुनी कबुली त्याला स्वतःलाच जुलमाने घेतलेली वाटू लागली असणार.

तोतयाची फौज घाट चढून पुण्याच्या रोखाने आली, तेव्हा महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी तिचा मोड केला. तो समुद्रमार्गे निसटू पाहत असता कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी त्याला पकडून पुण्याच्या स्वाधीन केले. तेथे पुन्हा चौकशी होऊन १७७६ च्या अखेरीस त्याला देहान्त शासन देण्यात आले. माधवरावांच्या वेळी त्याला जिवंत ठेवल्याचे परिणाम नानांनी पाहिले होते, आणि तान्ह्या पेशव्याच्या राज्यात ती जोखीम पुन्हा पत्करायला ते तयार नव्हते.