कनवट, मुंढा आणि माया : कचेरीच्या कपड्यांविषयी

(सांगलीत नोकरदार स्त्रियांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

भगिनींनो, माझ्याकडे कपडे शिवायला येणारी नोकरदार स्त्री बहुतेक वेळा मोबाइलवर एक चित्र घेऊन येते आणि "ताई, अगदी असाच कुर्ता शिवा" असे सांगते. चित्र मी पाहते, परंतु त्याआधी तिला तीन गोष्टी विचारते : कामावर कशाने जाता, दिवसभर बसून असता की उभ्या, आणि बसण्याच्या जागी पंखा आहे की एसी? मिरजेहून एसटीने येणारी लिपिक, विश्रामबागेतून स्कूटीवर बँकेत जाणारी अधिकारी आणि मार्केट यार्डातल्या अडत दुकानात हिशेब लिहिणारी मुलगी, या तिघींची आवड एकसारखी असली तरी तिघींचे कपडे एकसारखे असून चालत नाहीत. गेली 26 वर्षे बायकांचे कपडे शिवताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. सकाळी अंगावर चढवल्यानंतर संध्याकाळपर्यंत ज्याची आठवणही होत नाही, तोच कचेरीचा खरा पोशाख. गळा वर ओढणे, ओढणी सावरणे, बसताना मागची बाजू खाली ओढून घेणे, यांत हात गुंतले की कामातले लक्ष तेवढे उणे होते, आणि समोरच्या माणसालाही ते जाणवते. आपण ज्याला रुबाब म्हणतो, तो मला नेहमी या निश्चिंतपणातूनच आलेला दिसला आहे.

प्रथम कापडाविषयी बोलते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि अशा हवेत कापड काय करते हे एका साध्या हिशेबावरून कळते. 100 ग्रॅम कोरडा कापूस हवेतला सुमारे साडेआठ ग्रॅम ओलावा धरून ठेवतो, तर तेवढेच पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. दुपारी तीन वाजता पाठीला चिकटणारा कुर्ता आणि न चिकटणारा कुर्ता यांतला फरक बराचसा एवढाच आहे. म्हणून अंगालगतचा कपडा सुती असावा, असा माझा आग्रह असतो. पँटसाठी मात्र पॉलिस्टर-व्हिस्कोसचे मिश्रण मला चालते, कारण दिवसभर बसल्यावर निव्वळ सुती पँटला गुडघ्यात पोक येतो आणि मांडीवर चुण्या पडतात.

चांगल्या सुती कापडासाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. 1904 साली जिथे पहिला यंत्रमाग बसला ते इचलकरंजी आपल्या शेजारी आहे, आणि आपल्याच जिल्ह्यात विट्यालाही माग चालतात. पॉपलिन किंवा केंब्रिक घेताना कापडामागे तळहात धरून उजेडात पाहावे. बोटे स्पष्ट दिसली तर अस्तर लागणार हे तिथेच समजून घ्यावे. एक टोक मुठीत अर्धा मिनिट घट्ट दाबून सोडावे आणि पडलेल्या चुण्या किती उलगडतात ते पाहावे. घरी आणल्यावर ते रात्रभर भिजवून, न पिळता सावलीत वाळवून मगच शिवायला द्यावे, कारण सूत आटते, आणि ते शिवल्यानंतर आटले की दोष शिंप्यावर येतो. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण अलीकडे कुर्त्यासाठी मागितला जातो. तो सुंदर आहे, पण मुळात चोळीसाठी विणला जात असल्यामुळे त्याचा पन्हा अरुंद असतो. अख्खा कुर्ता करायचा तर जोड द्यावे लागतात आणि ते जोड खांद्या-छातीवर टोचतात. साध्या सुती कुर्त्याला खणाची पट्टी बाहीला आणि गळ्याला लावली, तर खणही शोभतो आणि कुर्ताही रोजच्या वापरात टिकतो.

हळदीच्या पेठेत काम करणाऱ्या मुली मला पांढऱ्या कुर्त्याविषयी विचारतात. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान आहेच. पण तिची पूड कुर्त्यावर बसली आणि घाईने साबण लावला की डाग लाल होतो, कारण साबण अल्कधर्मी असतो. पूड आधी कोरडीच झटकून टाकावी, कपडा साध्या पाण्यात खळबळून उन्हात वाळत घालावा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. तरीही त्या मुलींनी मोहरी, मातकट किंवा गडद हिरवा रंग घ्यावा, असेच मी सांगेन.

आता बेताविषयी, म्हणजे कपडा अंगावर कसा बसतो याविषयी. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी एका बँक कर्मचारी बाईंचा शर्ट शिवला. त्यांना हात मोकळा हवा होता, म्हणून मी मुंढा, म्हणजे बाही जोडायची बगलेतली गोलाई, चांगला खोल कापला. आठवड्याने त्या शर्ट घेऊन परत आल्या. उंच फळीवरचे रजिस्टर काढायला हात वर केला की सगळा शर्ट वर सरकत होता आणि कंबर उघडी पडत होती. शाखेत पुरुष ग्राहक समोर उभे असताना त्यांना किती संकोच वाटला असेल, याचे मला आजही वाईट वाटते. त्या शर्टाने मला शिकवले की मुंढा जितका बगलेजवळ, तितका हात मोकळा. तो खाली गेला की बाही आणि अंग एकमेकांना ओढतात. खांद्याची शिवण नेमकी खांद्याच्या हाडावर आली आणि मुंढा वर राहिला, तर 200 रुपये मीटरचे कापडही भारी दिसते.

आणि खिसा! आपल्या आज्या नऊवारी नेसत असत तेव्हा त्यांना कनवट, म्हणजे कमरेशी लुगड्याची खोचलेली घडी, होती. पैसे, किल्ली, सुपारी सगळे कनवटीला असे आणि दोन्ही हात कामाला मोकळे असत. गोल साडी आली, मग पंजाबी ड्रेस आला, आणि कनवट गेली; तिच्या जागी खांद्याला पर्स लटकली. माझ्या मते हे मोठे नुकसान झाले. कुर्त्याच्या बाजूच्या शिवणीत खिसा करायला जेमतेम पाव मीटर कापड लागते. तोंड सहा इंच, खोली किमान नऊ इंच असावी, आणि साईड कट खिशाच्या तळाखाली सुरू व्हावा. खिशाची पिशवी पुढच्या भागात कंबरेच्या रेषेला टाचून घ्यावी, म्हणजे फोनचे वजन शिवणीवर येत नाही आणि कुर्ता एका अंगाला झुकत नाही. साडी नेसणाऱ्यांसाठी मी परकराला उजव्या बाजूला असाच खिसा करून देते, आणि ज्यांना तो एकदा दिला त्यांनी पुन्हा बिनखिशाचा परकर मागितलेला नाही.

स्कूटीवर जाणाऱ्या मुलींना ओढणीबद्दल मी कळकळीने सांगते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 123 नुसार दुचाकीच्या मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारे संरक्षण असावे लागते, ते मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणूनच. परंतु पाठीवर मोकळी सोडलेली लांब ओढणी वाऱ्याने कुठे जाईल याचा भरवसा नाही. ती घडी करून पिशवीत ठेवावी, किंवा तिच्याऐवजी बिनबाह्यांचे सुती जाकीट घालावे. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी राज्य शासनाने डिसेंबर 2020 मध्ये काढलेल्या परिपत्रकातही साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, पँट-शर्ट हे सारे स्त्रियांना चालते असे म्हटले असून ओढणी आवश्यक असल्यास घ्यावी, असे आहे. त्याच परिपत्रकात शुक्रवारी खादी वापरण्याची सूचना होती. उन्हाळ्यासाठी ती मला मनापासून पटते.

एसीत बसणाऱ्यांनी त्या पिशवीतली ओढणी खांद्यावर घ्यावी. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या दोन संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिले की कचेऱ्यांतल्या तापमानाचे गणित पुरुषाच्या शरीरातल्या उष्णतेवर बेतलेले आहे. तेव्हा गारठणाऱ्या बाईने स्वतःला नाजूक समजण्याचे काहीही कारण नाही.

चपलांविषयी एवढेच सांगते, की पँटची लांबी ज्या चपला रोज घालता त्याच घालून मापावी आणि ती घोट्याशी थांबावी; पावसाळ्यात भिजलेली कड दिवसभर पायाला लागते.

शेवटी माया, म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेले जादा कापड. बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे एक-एक इंच माया सोडायला सांगा आणि पैसे देण्याआधी कपडा उलटा करून ती मोजून घ्या. बाईचे अंग बाळंतपणात, आजारपणात, वयानुसार बदलत असते, आणि माया असलेला कुर्ता तिच्याबरोबर आणखी चार-पाच वर्षे चालतो. तयार कपड्यात ती बहुधा कापूनच टाकलेली असते. माझ्या दुकानात ट्रायलसाठी एक खुर्ची, एक उंच फळी आणि एसटीच्या पायरीएवढा एक लाकडी ठोकळा ठेवलेला आहे. आलेल्या प्रत्येकीने खुर्चीवर बसायचे, फळीवरची वही काढायची आणि ठोकळ्यावर चढून उतरायचे. या तिन्ही वेळा तिचा हात कपडा सावरायला गेला नाही, तरच मी काज-बटणाला हात लावते.