बोकडाच्या पाठीवरचा हात

श्रोते हो, नमस्कार.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बारावी झालेल्या मुलाला पुढे काय करणार असे विचारले, तर पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा किंवा नाशिक-पुण्याची कंपनी यांपैकी एक उत्तर ठरलेले असते. मटणाच्या व्यवसायात उतरणार आहे, असे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या तो व्यवसाय करणाऱ्या घरांबाहेरचा मुलगा सहसा देत नाही आणि चुकून दिलेच, तर घरात दोन दिवस कोणी त्याच्याशी धड बोलत नाही. आठवड्याला मटण हवे, लग्नानंतरच्या गोंधळाला बोकड हवा, मात्र तो कापणाऱ्याच्या घरी मुलगी द्यायची म्हटले की सगळे गप्प, ही आपली रीत आहे. तिच्यावर मी पुष्कळ बोलू शकतो, पण आजचा वेळ त्यासाठी नाही.

आजचा विषय आहे लाल मांसाच्या व्यवसायात तरुणांना असलेली संधी. आपल्या राज्यात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे येथे लाल मांस म्हणजे मुख्यतः शेळी, मेंढी आणि म्हैसवर्गीय जनावरांचे मांस. त्यांतही खान्देशातल्या घरगुती ताटात येते ते मुख्यतः बोकडाचे मटण, म्हणून मी आज बोकडापुरतेच बोलणार आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. एवढी जनावरे पाळणाऱ्या, त्यांची ने-आण करणाऱ्या, तपासणाऱ्या, कापणाऱ्या आणि विकणाऱ्या माणसांत शिकलेला तरुण अजून फार थोडा आहे, एवढेच मला या आकड्यावरून सुचवायचे आहे.

शिकलेला तरुण या व्यवसायात आला म्हणजे काय घडते, हे मी धुळ्याच्या बाजारात पाहिले आहे. ती हकिगत मी अनेकांना सांगितली आहे, आज आपल्यालाही सांगतो.

साक्री तालुक्यातला एक मुलगा यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन नाशिकला कारखान्यात नोकरीला होता. ती नोकरी सोडून तो परत आला आणि मावसभावाच्या मटणाच्या दुकानात भागीदार झाला. बोकडांच्या बाजारातला व्यवहार आपल्याला ठाऊक आहे. रुमालाखाली दोघांचे हात जातात, बोटे दाबली जातात, भाव ठरतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही कळत नाही की सौदा कितीला झाला. या मुलाला ते पटले नाही. त्याने झोळीसह टांगण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला, लिंबाच्या फांदीला लटकावला आणि जाहीर केले की मी जिवंत वजनावर, किलोच्या दराने रोख खरेदी करणार. विक्रेत्यांना आनंद झाला, कारण व्यापारी आपल्याला अंदाजात फसवतो, हे प्रत्येक शेळीपालकाचे जुने दुखणे आहे. माझी तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी होती आणि बाजारच्या दिवशी जनावरांवर नजर टाकायला मी तेथे हजर असे, म्हणून पुढचे सारे माझ्या डोळ्यांदेखत घडले.

त्या बाजारात एक वयोवृद्ध व्यापारी होते, त्यांना सगळे आबा म्हणत. आबा अडकित्त्याने सुपारी कातरत काट्याकडे पाहत बसले होते. मुलाने दोन बोकड तोलले. दोन्ही बरोबर तीस किलोंचे भरले, म्हणून दोघांची किंमत एकच ठरली. तेव्हा आबा उठले, दोन्ही बोकडांच्या पाठीवर शेवटच्या बरगडीमागे हात ठेवून त्यांनी क्षणभर चाचपले, आणि एकाकडे बोट दाखवून म्हणाले, "हाऊ लेऊ नको, भो. येना पोटमा पानी शे."

मुलगा हसला. काटा खोटे बोलत नाही, असे काहीसे तो म्हणाला असावा. त्यावर आबांनी जे उत्तर दिले, ते आजही त्या बाजारात लोक एकमेकांना सांगतात: "तुना काटा पोट मोजस, मना हात मांस मोजस."

मुलाने दोन्ही बोकड घेतले. दुसऱ्या दिवशी दुकानात दोन्ही कापले गेले, मुंडी, पाय, कातडे आणि पोटातले अवयव काढल्यावर उरलेले धड स्वतंत्रपणे तोलले, तेव्हा एकाचे साडेचौदा किलो भरले आणि आबांनी बोट दाखवलेल्या बोकडाचे बारा. काट्यावर दोघांत रतीचा फरक नव्हता आणि धडात अडीच किलोंचा फरक निघाला. आजच्या दराने हिशेब केला, तर दीड-दोन हजार रुपये एका जनावरामागे बुडाले.

हे असे का झाले, ते थोडक्यात सांगतो. शेळी रवंथ करणारे जनावर आहे आणि तिच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात, मावणारा चारा आणि पाणी जिवंत वजनाचा मोठा हिस्सा असू शकतो. बाजाराला निघण्याआधी जनावराला मीठ चारून भरपूर पाणी पाजण्याची युक्ती जुनीच आहे. अंगावर मांस धरलेल्या बोकडाचे धड जिवंत वजनाच्या साधारण पंचेचाळीस ते पन्नास टक्के भरते. पोट फुगवलेला किंवा हाडकुळा बोकड त्याच्या बराच खाली जातो. म्हणून जिवंत वजनावर सौदा करायचा, तर तो उपाशी पोटी करायचा. पुन्हा सांगतो, जनावर पहाटे, चारापाण्याआधी तोलायचे. रात्रभर रिकाम्या पोटी राहिलेल्या जनावराचेच वजन खरे धरायचे.

आता त्या मुलाचे मोठेपण पाहा. पुढच्या बाजाराला तो काटा घेऊन आला खरा, पण तो काटा पिशवीतच ठेवून आबांच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, आबा, मला हात शिकवा. आबांनी सकाळपासून दुपारपर्यंत त्याला काहीही सांगितले नाही, फक्त समोरून जाणाऱ्या प्रत्येक बोकडाच्या पाठीवर हात ठेवायला लावले. कमरेच्या कण्याची आडवी हाडे बोटांना टोचतात की मांसाखाली गोल लागतात, छातीच्या हाडावर चरबीची गादी आहे की नुसती कातडी, शेपटीच्या मुळाशी खळगा आहे की भर आहे, हे सारे डोळे मिटून ओळखायचे. मग तोंड उघडून दात पाहायचे, म्हणजे जनावर आदत, म्हणजे अजून दुधाच्या दातांचे, आहे, दोन दाती आहे की चार दाती, हे कळते. मला त्या वेळी गंमत वाटली ती याची, की पशुवैद्यकाच्या पुस्तकात जनावराची शरीरस्थिती एक ते पाच अंकांत मोजायची जी पद्धत आम्ही शिकलो, तिच्यात हात ठेवण्याची जागा नेमकी हीच आहे. आबा शाळेत गेले नव्हते आणि त्यांनी ती जागा बापाकडून घेतली होती.

मुलाने त्यात आपली एक भर घातली. त्याने शंभर पानी वही केली आणि प्रत्येक बोकडामागे तीन रकाने आखले: आबांचा अंदाज, आपला अंदाज आणि दुकानात निघालेले खरे वजन. आबा या वहीला पोरखेळ म्हणत. काही महिन्यांनी मुलाचा अंदाज खऱ्या वजनाच्या जवळ येऊ लागला, तेव्हा आबा हळूच विचारू लागले की माझे कितपत जुळते, जरा वाचून दाखव. मुलाने वाचून दाखवले. आबांचे अंदाज थक्क व्हावे इतके अचूक होते, फक्त एका विक्रेत्याच्या बोकडांना ते दर वेळी किलो-अर्धा किलो जास्त सांगत आले होते. तो विक्रेता कोण, तर आबांचा व्याही. बाजारात त्यावर जो हशा पिकला, तो मी विसरणार नाही, आणि सर्वांत मोठ्याने हसले ते स्वतः आबाच.

आज तो मुलगा बाजारावर फारसा अवलंबून नाही. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातल्या गावांमध्ये महिला बचत गटांकडे शेळ्या आहेत. तो पहाटे तेथे जातो, उपाशी पोटी वजन करतो, पाठीवर हात ठेवून प्रत ठरवतो आणि काट्यावरचा आकडा बाईला दाखवून तेथेच पैसे देतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्याला मिळतात, त्यांवरच्या ढाब्यांना आणि हॉटेलांना तो मटण पुरवतो. हिशेबाला त्याने वाणिज्य शाखेची एक पदवीधर मुलगी ठेवली आहे, गाडीवर एक चालक आहे आणि कापणीला दोन कारागीर आहेत. एका दुकानाच्या ठिकाणी चार-पाच घरांची चूल त्यावर चालते.

ढाब्यांचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट बोलून टाकतो. खान्देशी मटणाचा रंग हा खोबरे, कांदा आणि मसाला भाजण्यातून येणारा काळसर रंग आहे. हल्ली रश्श्यावर जो लालभडक तवंग मिरवला जातो, तो काही ठिकाणी पुडीतला रंग असतो आणि त्याखाली मटण चांगले आहे की वाईट हे गिऱ्हाईकाला कळतच नाही. चांगले मटण देणाऱ्या तरुणाचे नुकसान हा तवंग करतो, म्हणून मला त्याचा राग आहे.

चांगले मटण म्हणजे काय, हेही या व्यवसायात येणाऱ्याने समजून घ्यावे. कापण्याआधी जनावर शांत आणि विसावलेले असावे, त्याला प्यायला पाणी मिळालेले असावे. टेम्पोत कोंबून, मारझोड करत आणलेल्या जनावराच्या स्नायूंमधली साखर आधीच खर्च झालेली असते. त्यामुळे कापल्यावर मांसात पुरेसे आम्ल तयार होत नाही, आणि ते काळपट, चिकट राहते व लवकर बिघडते. जनावराला दिलेला त्रास दुकानदाराच्या गल्ल्यातून वसूल होतो, तो असा. दुसरे असे, की कापल्यानंतर काही तासांत मांस ताठरते आणि त्या अवस्थेत शिजवले तर ते चिवट लागते. कापल्या कापल्या शिजवावे, नाही तर शून्य ते चार अंश तापमानात एक दिवस टांगून ठेवावे, मग ते पुन्हा मऊ होते. आपली सवय मात्र सकाळी आणून दुपारी शिजवण्याची, आणि थंड केलेल्या मटणाला शिळे म्हणण्याची. रावेर-यावलच्या केळीसाठी शीतगृहे उभी राहिली, त्या तोडीची सोय मटणासाठी कोणी केली नाही. ज्या तरुणाला शीतकरणाचे तंत्र येते, त्याच्यासाठी हे काम मोकळे पडले आहे.

तपासणीचे काम त्याहून मोलाचे आहे. जनावर कापण्याआधी आणि कापल्यानंतर पशुवैद्यकाने तपासावे, असा नियम आहे. यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी दिसल्या, तर त्या अनेकदा कुत्र्याच्या पोटातल्या पट्टकृमीच्या असतात. असे अवयव कुत्र्यांपुढे टाकले की कृमीचे चक्र पुरे होते आणि तेच कुत्र्यामार्फत माणसाच्या पोटात पोहोचते. असे अवयव खोल पुरायचे किंवा जाळायचे, कुत्र्यांपुढे कधीही टाकायचे नाहीत. ही गोष्ट प्रत्येक दुकानदाराने, आणि श्रोते हो, घरी बोकड कापणाऱ्या प्रत्येकानेही लक्षात ठेवावी.

शिक्षण कोठे मिळते, ते सांगतो. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतर्गत पशुवैद्यकाची साडेपाच वर्षांची पदवी आहे आणि तिला नीट परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. पशुसंवर्धनाची पदविकाही आहे. मथुरेजवळ मखदूम येथे केंद्रीय बकरी संशोधन संस्था शेळीपालनाचे प्रशिक्षण देते. हैदराबादजवळ चेंगिचेर्ला येथे मांसावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तेथे स्वच्छ कापणी आणि मांसप्रक्रिया शिकवली जाते. आणि आपल्या अगदी जवळ, चाळीसगाव तालुक्यात बिलाखेड येथे, पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे.

पैशाचेही सांगतो, कारण पत्रांत तोच प्रश्न सर्वांत जास्त येतो. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या सुधारित योजनेत शंभर शेळ्या व पाच बोकड यांपासून पाचशे शेळ्या व पंचवीस बोकड यांपर्यंतच्या गटाला भांडवली खर्चाच्या पन्नास टक्के अनुदान आहे, आणि त्याची कमाल मर्यादा गटाच्या आकाराप्रमाणे दहा ते पन्नास लाख रुपये आहे. ते ऐकून लगेच पाचशे शेळ्यांचा प्रकल्प अहवाल करून घेणारे तरुण माझ्याकडे येतात, आणि शेळीची पाठ त्यांनी कधी चाचपलेली नसते. शेळी गाभण राहिल्यावर पाच महिन्यांनी विते, पावसाळ्यात करडे न्यूमोनियाने दगावतात, आंत्रविषार आणि पीपीआर या शेळ्यांच्या रोगांवरच्या लसी वेळेवर टोचाव्या लागतात. हे दहा शेळ्यांवर शिकणे स्वस्त पडते आणि पाचशेंवर फार महाग. म्हणून आधी दहा शेळ्या, मग अनुदान. हेही पुन्हा सांगतो, आधी दहा शेळ्या, मग अनुदान.

ज्यांना शेळ्या पाळायच्या नाहीत, फक्त दुकान किंवा पुरवठा करायचा आहे, त्यांनी अन्न सुरक्षेची नोंदणी आणि स्थानिक नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा परवाना आधी घ्यावा. त्यानंतर एखाद्या जाणत्या व्यापाऱ्याशेजारी वही घेऊन बाजारात बसावे, आणि वहीत तीन रकाने आखावेत. बँकेत जायचे ते ती वही भरल्यावर.

नमस्कार.