फालेआलुपो : जंगल राखणारं किनाऱ्यावरचं गाव

[दृश्य : फेरीबोट, मागे पडत जाणारा उपोलूचा किनारा]

प्रशांत महासागरातला सामोआ हा देश. त्याच्या उपोलू बेटावरच्या मुलिफानुआ धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि तासा-सव्वा तासात सावाई बेटावरच्या सालेलोलोगाला लागते. क्षेत्रफळात सावाई हे सामोआचं सर्वांत मोठं बेट. तरी ते जेमतेम १,७०० चौरस किलोमीटरचं. किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारा एकच मुख्य रस्ता बेटाला वळसा घालतो आणि एका दिवसात गाडीनं पूर्ण फेरी मारता येते.

उत्तरेकडून निघालं की वाटेत काळ्या लाव्हाचं पठार लागतं. १९०५ ते १९११ अशी सहा वर्षं मातावानू ज्वालामुखी धुमसत होता. गावंच्या गावं त्याच्याखाली गेली. त्या दगडाच्या भेगांतून आता झाडं वर आली आहेत. आपल्याला अजून पुढे जायचंय, बेटाच्या पार पश्चिम टोकाला, फालेआलुपोला.

[दृश्य : नारळीची राई, वाळूचा रस्ता, भिंती नसलेली घरं]

मुख्य रस्ता सोडून समुद्राकडे वळलं की आधी जंगल लागतं. मग झाडी विरळ होते आणि एकदम पांढरी वाळू दिसते. वाळूला लागूनच फाले आहेत. फाले म्हणजे सामोआतलं घर. गोलसर छप्पर, भोवती खांब, भिंत नाही. देवळाच्या सभामंडपासारखं चहूबाजूंनी मोकळं. पाऊस आला की नारळाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे खाली सोडायचे, थांबला की वर गुंडाळायचे. वारा आरपार जातो. शेजारच्या घरात कोण आलंय, कोण निजलंय, ते सगळ्या गावाला दिसतं.

पण किनाऱ्यावर माणसं कमी दिसतात. त्याचं कारण समोरच उभं आहे.

[दृश्य : छप्पर नसलेलं चर्च]

हे गावाचं जुनं कॅथलिक चर्च. फेब्रुवारी १९९० मध्ये 'ओफा' नावाचं चक्रीवादळ आलं. गाव सावरतंय न सावरतंय तोच डिसेंबर १९९१ मध्ये 'वाल' आलं आणि बेटावर दिवसचे दिवस घोंघावत राहिलं. चर्चचं छप्पर गेलं, घरं गेली, झाडं मोडली. त्यानंतर गावातल्या बहुतेक कुटुंबांनी बिऱ्हाड आत, उंचावर हलवलं. किनाऱ्यावरचं गाव ते फालेआलुपो-ताई, आणि आतलं ते फालेआलुपो-उता. किनारा मात्र कुणी सोडून दिला नाही. मासेमारी इथूनच होते, आणि पाहुण्यांसाठीचे फालेही इथेच आहेत.

हा किनारा विकतही घेता येत नाही. सामोआतली सुमारे ८० टक्के जमीन कुटुंबांच्या परंपरागत ताब्यात आहे. मताई, म्हणजे कुटुंबप्रमुख, तिचा सांभाळ करतो. ती विकायला राज्यघटनेचीच मनाई आहे. म्हणून सामोआत समुद्रात उतरण्याआधी त्या जागेच्या कुटुंबाला विचारायचं आणि ते सांगतील ती रक्कम द्यायची. ही पद्धत मला फार योग्य वाटते. ज्यांनी जागा राखली, पैसा थेट त्यांच्या हातात पडतो.

[दृश्य : जंगल, वडाच्या जातीचं प्रचंड झाड, दिवसाढवळ्या उडणारं वटवाघूळ]

आता जंगलात जाऊ. कारण फालेआलुपोची खरी गोष्ट इथे घडली.

१९८८ साली सरकारनं गावाला बजावलं : शाळेची चांगली इमारत बांधा, नाहीतर शिक्षक मिळणार नाहीत. गावाकडे पैसा नव्हता. होतं ते जंगल, आणि लाकूडतोड कंपनी दारात उभी होती. गावाचा कारभार पाहणाऱ्या मताईंच्या सभेला, फोनोला, मुलांची शाळा आणि पूर्वजांचं जंगल यांतलं एक निवडावं लागलं. त्यांनी जड मनानं शाळा निवडली. झाडं पडायला लागली.

त्या वेळी पॉल अॅलन कॉक्स हे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ गावातल्या वैदूंकडून झाडपाल्याची औषधं समजून घेत होते. शाळेचं कर्ज फेडायची जबाबदारी आपण घेतो, असं त्यांनी फोनोला सांगितलं. सभेत निर्णय झाला आणि गावाचे एक मताई, फुइओनो सेनिओ, तोड थांबवायला जंगलाच्या दिशेनं धावत सुटले. १९८९ मध्ये करार झाला. शाळेचे पैसे भागवले जातील, आणि सुमारे ३०,००० एकरांचं जंगल गाव ५० वर्षं राखेल. औषधाची साल, होडीसाठी लाकूड, हे गावानं पूर्वीसारखंच घ्यायचं. १९९७ मध्ये सेनिओ आणि कॉक्स या दोघांना पर्यावरणाचं गोल्डमन पारितोषिक मिळालं.

[दृश्य : ममाला झाडाचं पान, खोडाची साल]

हे झाड पाहा. ममाला. दिसायला अगदी साधं, वाटेत असतं तर आपण वळूनही पाहिलं नसतं. इथल्या वैदू बायका त्याची साल काविळीवर देत. त्या सालीत प्रोस्ट्रॅटिन नावाचं द्रव्य सापडलं. एचआयव्हीचा विषाणू शरीरातल्या काही पेशींत दडून बसतो आणि तिथे औषध पोचत नाही. प्रोस्ट्रॅटिन त्याला बाहेर काढू शकतं, असं प्रयोगशाळेत दिसलं. अजून त्याचं औषध तयार झालेलं नाही. पण २००४ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं सामोआ सरकारशी करार केला : यातून कधी नफा झालाच, तर निम्मा सामोआचा. त्यात गावाचा आणि वैदूंच्या कुटुंबांचाही वाटा. ज्ञान ज्यांचं, त्यांचं नाव कागदावर आलं. जगभरात असं फार क्वचित घडतं.

[दृश्य : रविवारची सकाळ, धूर]

रविवारी सकाळी गावभर धूर दिसतो. उमू पेटलेले असतात. दगड विस्तवात लाल करायचे, त्यावर अन्न रचायचं, वरून केळीची पानं झाकायची. हे काम तरुण मुलांचं. एक जण खवणीवर बसून नारळ खवतो. दुसरा त्याचं घट्ट दूध पिळतो. तिसरा अळूची कोवळी पानं तळहातावर वाटीसारखी धरतो, त्यात दूध, कांदा, मीठ घालतो, कडा गोळा करून पुरचुंडी बांधतो. हे पालुसामी. होय, अळू आपलंच, आणि कच्चं राहिलं तर घसा तिथेही खवखवतो! चर्चहून परतल्यावर सगळं कुटुंब एकत्र जेवतं. त्या दिवशी पोहणं नाही, मोठ्यानं गाणी नाहीत. पाहुण्यांनीही हे पाळायचं.

आणि रोज संध्याकाळी 'सा' असते. शंख वाजतो, किंवा टांगलेल्या रिकाम्या गॅस सिलिंडरवर टोला पडतो. घराघरांत प्रार्थना सुरू होते. रस्त्यावर कुणी चालत नाही, आणि त्यावर लक्ष ठेवायला गावातली तरुण मुलं उभी असतात. बाहेरून आलेल्याला फालेआलुपो नुसतं शांत वाटतं. पण ही शांतता गावानं ठरवलेली आहे, आणि ठरवलेलं रोज पाळलं जातं.

[दृश्य : पश्चिमेचं टोक, खडक, मावळतीचा सूर्य]

जुन्या समजुतीप्रमाणे मेलेल्यांचे आत्मे साऱ्या सामोआतून याच टोकाला येतात आणि इथून पुलोटूला, परलोकात उतरतात. मताईंची वाट वेगळी, सामान्यांची वेगळी. २०११ पर्यंत जगात दिवस अगदी शेवटी मावळायचा अशा मोजक्या गावांत हे एक होतं. मग सामोआनं आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी व्यापार सोपा व्हावा म्हणून. त्या वर्षी २९ डिसेंबरच्या गुरुवारनंतर थेट ३१ तारखेचा शनिवार उजाडला. शुक्रवार आलाच नाही.

[दृश्य : शाळेच्या वाटेवरची मुलं]

करारातली ५० वर्षं २०३९ मध्ये पूर्ण होतील. आज दप्तर घेऊन शाळेच्या वाटेनं निघालेली ही मुलं तोवर मोठी झालेली असतील. त्यांतल्या काही जणांना तेव्हा मताईची पदवी मिळालेली असेल. जंगलाचं पुढे काय करायचं, ते फोनोत बसून त्यांनाच ठरवावं लागेल.