रंग लावायच्या आधीचं काम

नमस्कार मंडळी, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथं जिथं आत्ता रेडिओ चालू आहे तिथल्या सगळ्या अक्कांना, ताईंना आणि विशेष करून पार्लर चालवणाऱ्या पोरींना. नखुरडं कुणाकुणाला झालंय आठवून बघा. बोट ठणकतं, रात्रभर झोप नाही, आणि आज्जी लिंबू पोखरून त्यात बोट घालायला लावते. लहानपणी विहिरीवर भांडी घासून नाहीतर शेतात काम करून व्हायचं ते. आता मात्र पैसे देऊन, एसीत बसून, मॅनिक्युअर करून घेतलेल्या बोटाला पण होतंय, आणि त्याबद्दलच मला आज बोलायचंय.

मी 12 वर्षं हे काम करते, शहापुरात छोटंसं दुकान आहे. सुरुवातीच्या वर्षात एका नवरीला माझ्या हातनं नखुरडं झालं. लग्न 3 दिवसांवर, तिला नखं एकदम क्लीन पाहिजे होती, मी निपर, म्हणजे कातडी कापायची छोटी पकड, घेतला आणि नखाच्या मुळाची कातडी सगळी कापून काढली, आणि तो निपर आधीच्या बाईला वापरून नुसता स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलेला होता. हळदीच्या दिवशी अंगठा टरारून सुजला. डॉक्टरनी चीर देऊन पू काढला. तिची आई दुकानात आली, भांडली नाही, एवढंच म्हणाली, "अक्का, पोरगीला हात उचलून अक्षता पण झेलता येईनात." ते वाक्य मी अजून विसरले नाही.

तेव्हा मला कळत नव्हतं ते आता सांगते. नखाच्या मुळाशी जी जिवंत कातडीची कड असते ना, ती उगीच नाहीये तिथं. पावसाळ्यात दाराच्या फटीत आपण पोतं घालतो पाणी आत येऊ नये म्हणून, तसं ते पोतं आहे. ते कापलं की नख आणि मांसाच्या मधली वाट जंतूंना मोकळी. नखाच्या पाठीवर चिकटलेला मेलेल्या कातडीचा पातळ पापुद्रा वेगळा, क्युटिकल म्हणतात ते खरं हेच, ते मऊ करून पुशरनं हळू मागं सारायचं आणि खरडून काढायचं. जिवंत कड कापायची नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "अक्का, अजून थोडं काढा की," तरी नाही.

आता जेल, म्हणजे लॅम्पखाली धरून कडक करायचं नेलपॉलिश, लावायची असेल तर अजून एक चूक सगळीकडं दिसते, आधी हात गरम पाण्यात भिजवायचे. नख पाणी पितं, फुगतं, मग दोन तासांनी वाळून आकसतं आणि वरची जेल कडेनं सुटते. सुटलेल्या फटीत ओल राहते, तिथं सुडोमोनास नावाचे जंतू वाढतात आणि नख हिरवं पडतं. कित्येकजणी त्यावरच गडद रंग मारून झाकतात, असं करू नका ओ, जेल काढा, नख मोकळं आणि कोरडं ठेवा, आणि डॉक्टरला दाखवा. म्हणून माझ्याकडं जेलच्या आधी भिजवणं नाही. गिऱ्हाईकानं आणि मी दोघींनी साबणानं हात धुवायचे, पुसून कोरडे करायचे, मग कामाला सुरुवात. नख घासायचा बफर 180 नाहीतर 240 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचा आकडा), हलका हात, चमक गेली की बास. खऱ्या नखावर ड्रिल चालवून घासणाऱ्या पोरी मी बघितल्यात, नख पापडासारखं पातळ होतं आणि बाईला गरम चटका बसतो तरी ती लाजेनं बोलत नाही. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे आज घासून काढलेलं नख पूर्ण बदलायला जवळजवळ 6 महिने जातात. जुनी जेल पण ओरबाडून काढायची नाही, ॲसिटोनचा कापूस गुंडाळून 10-15 मिनिटं थांबायचं.

हत्यारांचं मात्र मला नीट सांगायचंय कारण इथंच सगळा घोळ आहे. स्पिरिट मारलं म्हणजे झालं, असं नाही. आधी साबण-पाणी आणि ब्रशनं घासून काढायचं, सांध्यातली घाण सुद्धा, कारण घाणीच्या थराखाली औषध पोचतच नाही. मग ऑटोक्लेव्ह. नाव मोठं वाटतं, पण आपल्या कुकरचाच भाऊ तो, वाफेच्या 15 पौंड दाबाखाली 121 डिग्री, किमान 15 मिनिटं, आणि पाकिटात बंद करून घातलं तर जास्त वेळ, मशीनच्या पुस्तकात दिलेला असतो तेवढा. निळ्या लाईटची पेटी असते ना दुकानात, ती बघून गिऱ्हाईक खूश होतं, पण उजेड पडेल तेवढ्याच भागावर तिचा काय तो परिणाम, निपरच्या सांध्यात सावलीच राहते. धुतलेलं सामान ठेवायला ती ठीक, निर्जंतुक करायला नाही. हिपॅटायटिस बी म्हणजे रक्तातनं पसरणारा लिव्हरचा आजार, त्याचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरतो, म्हणून मी एवढी मागं लागते. त्याची लस असते, माझ्याकडच्या पोरींना मी ती घ्यायला लावते.

फाईल, बफर, लाकडी काडी, या वस्तू धुऊन निर्जंतुक होत नाहीत. एका बाईला वापरलं की तिलाच द्यायचं नाहीतर टाकायचं. आणि टॉवेल! आपल्या बेळगावचा आषाढ तुम्हाला माहिती आहे, चार-चार दिवस कापड वाळत नाही, कुबट वास येतो, आणि तोच टॉवेल सगळ्यांच्या पायाला. पावसाळ्यात मी टॉवेल बंदच केलेत, टिश्यू वापरते, खर्च होतो, होऊ दे.

पेडिक्युअरचं सांगते. खानापूरकडच्या बायका रोप लावणीनंतर येतात, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतात. त्यांना मी टबात बसवत नाही, वाईट वाटतं सांगताना, पण आधी जखम बरी होऊ दे म्हणते. शुगर असलेल्या बाईच्या पायाला तर ब्लेड लावायचंच नाही, भोवरी असो नाहीतर कुरूप, डॉक्टरकडंच पाठवायचं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 2000 साली एकाच सलूनमधल्या 100 हून जास्त बायकांच्या पायाला गळवं आली. टबाच्या पाण्याच्या जाळीमागं केस आणि कातडीचा कचरा साठला होता, त्यात जंतू वाढले होते, आणि ज्यांनी येण्याआधी पायाचे केस वस्तऱ्यानं काढले होते त्यांना धोका जास्त होता. तेव्हा पेडिक्युअरला यायच्या आदल्या दिवशी पाय शेव्ह करू नका, आणि दुकानवाल्या पोरींनो, जाळी रोज काढून धुवा. मी साधी स्टीलची परात वापरते, जाळी नाही, पाईप नाही.

जेल कातडीला लागली तर तिथंच पुसून घ्या, लॅम्पखाली हात घालायच्या आधी. आणि लॅम्प त्याच जेलला चालणारा पाहिजे. कच्ची राहिलेली जेल कातडीला लागत राहिली की ॲलर्जी येते, खाज, फोड, आणि एकदा आली की आयुष्यभर राहू शकते.

आणि कितीही जपलं तरी एखाद्या वेळी रक्त येतं. तेव्हा लपवायचं नाही. हातमोजे घालायचे, स्वच्छ कापसानं दाबून धरायचं, साबणाच्या पाण्यानं धुवून अँटिसेप्टिक लावायचं, रक्ताचा कापूस पिशवीत बांधून टाकायचा, ते हत्यार त्या ट्रेमधनं बाहेर काढून वेगळं ठेवायचं, आणि गिऱ्हाईकाला सरळ सांगायचं की अक्का, इथं लागलंय, दोन दिवसात लाल झालं किंवा ठणकायला लागलं तर लिंबू घालत बसू नका, डॉक्टरकडं जावा, आणि मला फोन करा.