पान उलटून पाहा : बेबेरी कुळातील झुडपांची ओळख

मित्रहो, कोकण किनाऱ्यावर बेबेरी या सुवासिक पानांच्या झुडपाच्या कुळाविषयी, म्हणजे मिरिकेसीविषयी बोलताना प्रथम सांगितले पाहिजे की या कुळातले एकही झाड आपल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारांवर, आपोआप उगवत नाही. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे कायफळ याच कुळातले. पण ती साल असते आणि तिचे झाड हिमालयात व खासी टेकड्यांवर वाढते. तरीही या झुडपांसाठी लागणारी नजर इथल्या झाडांवर तयार करता येते.

माझ्या हातात जांभळाची डहाळी आहे. पाने समोरासमोर आहेत, कडेलगत एक शीर धावते आणि पान उजेडात धरले की बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. या तेलग्रंथी पानाच्या गरात असतात. बेबेरीची पाने एकाआड एक येतात आणि ग्रंथी पृष्ठभागावर असतात. पान उलटून भिंग लावले की त्या पिवळसर, चकाकणाऱ्या खवल्यांसारख्या दिसतात. एवढा एक फरक पक्का झाला तरी निम्मी चूक टळते.

पान चुरगाळल्यावर सुवास येतो, पण केवळ वासावर विसंबू नये, कारण अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या एका जातीला तो जवळजवळ नसतोच. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील बेबेरीचे पान रुंद असून हिवाळ्यात गळते आणि ग्रंथी मुख्यतः खालच्या बाजूला असतात. दक्षिणेकडील मेणफळी जात सदाहरित, तिचे पान अरुंद, टोकाकडे दातेरी आणि ग्रंथी दोन्ही बाजूंना. गोडा फर्न नावाच्या झुडपाचे पान नेच्यासारखे खोल कातरलेले असल्याने ते चटकन ओळखू येते.

फळांकडे मात्र सावकाश पाहावे. मेणफळी जातीचे फळ साधारण २ ते ३.५ मिमी, तर उत्तरेकडील बेबेरीचे ३.५ ते ५.५ मिमी व्यासाचे असते. दोन्हींच्या सालीवर बारीक उंचवटे असून त्यांवर करडे-पांढरे मेण साचते. फळे उकळली की ते पाण्यावर तरंगते आणि त्याच्या मेणबत्त्या करत. कायफळाच्या फळावरही असेच उंचवटे असतात, पण तिथे मेणाऐवजी ते लाल, रसाळ होतात. हिमालयात ती फळे आवडीने खातात. एकाच रचनेची ही दोन रूपे मला या कुळातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. दलदलीत वाढणाऱ्या, याच कुळातल्या गेल नावाच्या झुडपाच्या फळाला मेण नसते. त्याला दोन छोटी सहपत्रे, म्हणजे फुलाच्या बुडाशी असणारी इवली पाने, चिकटून राहतात आणि त्यांच्या आधाराने ते पाण्यावर तरंगत जाते.

या कुळात बहुधा नर आणि मादी झुडपे वेगळी असतात, म्हणून नर झुडपावर फळ कधीच सापडणार नाही. अशा वेळी सुटे पान न घेता डहाळी घ्यावी, म्हणजे पानांची मांडणीही तपासता येते.