मोबाइल आहे, मग ग्रंथालय कशाला?

नमस्कार श्रोतेहो.

‘सगळं मोबाइलवर मिळतं, आता ग्रंथालयाची पायरी कोण चढणार?’ असं विचारणाऱ्याला बहुधा उत्तर नकोच असतं. तरीही आज उत्तर देऊन बघतो, आणि तेही पुस्तकांच्या वासाचं कौतुक न करता. वास मलाही आवडतो, पण तेवढ्यासाठी लोकांच्या करातून इमारत उभारा असं म्हणायला जीभ रेटत नाही.

मोबाइलवर मिळतं, हे कबूल. पण मिळालेलं हातात राहतं का? २००९ साली एका बड्या ऑनलाइन विक्रेत्याने आधीच विकलेली काही ई-पुस्तकं ग्राहकांच्या उपकरणांमधून परस्पर पुसून टाकली. प्रकाशन हक्कांचा घोळ होता. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. पण कागदी पुस्तक असं परत न्यायचं, तर दुकानदाराला घराचं कुलूप फोडावं लागलं असतं!

ग्रंथालयांनाही याची झळ बसतेच. छापील पुस्तक एकदा घेतलं की पानं सुटेपर्यंत फिरतं, बांधणी करून आणली की पुन्हा फिरतं. ई-पुस्तकाचा मात्र बऱ्याचदा नुसता परवाना मिळतो. २०११ साली एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने ठरवलं, की ग्रंथालयाने ई-पुस्तक २६ वेळा वाचायला दिलं की परवाना संपला. पुढे द्यायचं तर पुन्हा पैसे मोजा.

आणि वेबपानं? प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२४ मधल्या पाहणीनुसार, २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी सुमारे ३८ टक्के दहा वर्षांनी उघडतच नव्हती. अशी जुनी पानं जपून ठेवायचं काम १९९६ पासून इंटरनेट आर्काइव्ह करत आलंय. गंमत म्हणजे ही संस्था स्वतःला ग्रंथालयच म्हणवते.

टिकण्याचा मुद्दा झाला. आता शोधण्याचा. घुबडावर काही वाचायचंय म्हणून एखादी मुलगी कपाटापाशी जाते. १८७६ पासून चालत आलेल्या ड्यूई दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देऊन मांडायच्या पद्धतीत, पक्ष्यांचा क्रमांक ५९८. त्याच्या अलीकडे ५९७, म्हणजे मासे, बेडूक, साप. पलीकडे ५९९, म्हणजे सस्तन प्राणी. मुलगी घुबडाचं पुस्तक घेतेच, वर सापांचंही उचलते. ते तिला कुणी सुचवलेलं नसतं, आणि तिने ते उचललं म्हणून पुढचा महिनाभर तिला सापांच्या जाहिरातीही दिसत नाहीत.

काहींना तर काय शोधायचं हेच नेमकं सांगता येत नाही. एक गृहस्थ येऊन विचारतात, ‘आरोग्यावर काही आहे का?’ ग्रंथपालबाई कपाटाकडे बोट दाखवून मोकळ्या होत नाहीत. स्वतःसाठी हवंय की घरच्यांसाठी? सोपं हवं की सविस्तर? दोन-तीन प्रश्नांनंतर कळतं, की वडिलांना नुकताच मधुमेह निघालाय आणि त्यांच्या जेवणाचं काय करायचं ते यांना उमगत नाहीये. मग मोठ्या अक्षरातलं, आहारावरचं पातळसं पुस्तक निघतं. शोधयंत्राला ‘आरोग्य’ म्हटलं असतं तर त्याने लाखो दुवे समोर ओतले असते.

‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांमधलं चौथं सूत्र. ही सूत्रं १९३१ सालची, पण मला त्यांच्यातलं पहिलंच जास्त बोचरं वाटतं: पुस्तकं वापरासाठी असतात. ग्रंथालयाची जागा, त्याच्या वेळा, बसायची सोय, सगळं रंगनाथन याच सूत्राला लावून तपासतात. त्या कसोटीवर आजची कितीतरी ग्रंथालयं नापास होतील. लोक कामावर असताना ती उघडी, आणि लोक सुटले की ती बंद. कपाटांना कुलूप, किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही. अशा ठिकाणी वाचक फिरकले नाहीत, तर त्याचा दोष इंटरनेटवर ढकलण्यात अर्थ नाही.