उद्यानाच्या फाटकावरची बंदूकबंदी: विरोध करायचा तर नेमका कुठे

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय व्हर्जिनियात राहणाऱ्या मंडळींच्या दाराशी आलेला आहे. काऊंटीच्या इमारती, उद्याने, कम्युनिटी सेंटर आणि मोर्चा-मिरवणुकीच्या वेळचे रस्ते, इथे बंदूक आणायला मनाई करणारा स्थानिक नियम, म्हणजे ऑर्डिनन्स, तुमच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सपुढे, म्हणजे काऊंटीच्या निवडून दिलेल्या कारभारी मंडळापुढे आला तर त्याला विरोध कसा करायचा, हे आज बघू. आमची बाजू आधीच सांगून टाकतो. हे मसुदे ज्या रूपात मांडले जातात त्या रूपात मंजूर होऊ नयेत, असे आमचे मत आहे. आणि विरोध करणारे बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी जोर लावतात, असेही आमचे मत आहे.

थोडी पार्श्वभूमी. व्हर्जिनियात स्थानिक सरकारला विधिमंडळाने दिले तेवढेच अधिकार असतात. याला डिलनचा नियम म्हणतात. आयोवाचे न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी तो १८६८ मध्ये मांडला. बंदुकीच्या बाबतीत विधिमंडळाने काऊंट्यांचे आणि शहरांचे हात २०२० पर्यंत बांधून ठेवले होते. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीचच्या महापालिका इमारतीत तिथल्याच एका कर्मचाऱ्याने १२ जणांचा जीव घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधिमंडळाची दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली, आणि गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांच्या सहीने राज्याच्या कायद्यातले बदललेले कलम १५.२-९१५ हे १ जुलै २०२० पासून लागू झाले. स्थानिक सरकारांना अशी बंदी घालण्याची मुभा मिळाली ती याच कलमाने. अलेक्झांड्रिया शहराने जूनमध्येच नियम तयार ठेवला होता, फेअरफॅक्स काऊंटीने सप्टेंबरात केला.

आता विरोधाकडे. सुनावणीला येणारे बहुतेक जण शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती वाचून दाखवतात. मिळालेल्या तीन मिनिटांतली दोन त्यातच जातात, आणि काऊंटी ॲटर्नीच्या, म्हणजे काऊंटीच्या वकिलाच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. कारण त्याला निकाल माहीत असतात. सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ च्या ब्रुएन निकालात घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला हे खरे. गर्दी आहे आणि पोलीस आहेत एवढ्यावर अख्खे मॅनहॅटन ‘संवेदनशील ठिकाण’, म्हणजे बंदुकीला मनाई करता येईल अशी जागा, ठरवता येणार नाही, असेही त्यात आहे. पण शाळा आणि सरकारी इमारती संवेदनशील ठरू शकतात, हेही त्याच निकालात आहे. उद्यानांचे म्हणाल तर फेअरफॅक्सच्या बंदीला आव्हान दिले गेले आणि २०२४ मध्ये फेडरल जिल्हा न्यायालयाने बंदी उचलून धरली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एकोणिसाव्या शतकातच बंदुकीला मनाई होती, या जातीचे दाखले अशा खटल्यांत बंदीच्या बाजूने येतात. तेव्हा ‘हे घटनाबाह्य आहे’ एवढ्यावर विसंबून राहाल तर बोर्डाने मत देण्याआधीच हराल. बोर्डाला अडचणीत आणते ती मसुद्याची भाषा आणि काऊंटीचा नकाशा. वाद तिथे घाला.

मसुदा हातात घ्या आणि शेजारी कलम १५.२-९१५ चे पोटकलम ई ठेवा. पहिली गोष्ट, पोटकलमात ‘करू शकेल’ असे आहे, ‘करावे’ असे नाही. बोर्डाला यापेक्षा अरुंद नियम करता येतो: फक्त इमारतींपुरता, किंवा परवानाधारकांना, म्हणजे बंदूक लपवून बाळगायचा परवाना असलेल्यांना वगळून. ‘राज्याचा कायदाच असा आहे, आमच्या हातात काही नाही’ असे कोणी सुपरवायझर म्हणाला तर त्याला हे पोटकलम वाचून दाखवा.

दुसरी गोष्ट बारकाईने ऐका, कारण ती सगळ्यांच्या नजरेतून सुटते. मनाई फक्त बंदुकीला नाही. बाळगणे, अंगावर घेणे आणि वाहून नेणे या तिन्हींवर, आणि बंदुकीबरोबर दारूगोळा व सुटे भाग यांवरही मनाई घालण्याची मुभा कलमाने दिली आहे. बहुतेक मसुदे हीच शब्दावली जशीच्या तशी उचलतात. आता शनिवारी सकाळी रेंजवर नेमबाजी करून परतणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. पिस्तूल त्याने घरी नेऊन तिजोरीत ठेवले. रेंज बॅग मात्र गाडीच्या डिकीतच राहिली, आणि तिच्या कोपऱ्यात ९ मिलिमीटरचे एक काडतूस घरंगळलेले आहे. दुपारी मुलीला सॉकरला सोडायला तो काऊंटीच्या पार्कच्या वाहनतळावर शिरतो. वाहनतळ पार्कच्या हद्दीत असेल आणि मसुद्यात वाहनाचा अपवाद नसेल, तर तो माणूस शब्दशः नियमभंग करतोय. स्थानिक नियमाला जास्तीत जास्त शिक्षा लावता येते ती क्लास १ मिसडिमीनरची, म्हणजे कनिष्ठ दर्जाच्या गुन्ह्यांतल्या सगळ्यात वरच्या वर्गाची: १२ महिन्यांपर्यंत तुरुंग आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड. सुनावणीत विचारा, ‘हा माणूस तुम्हाला पकडायचा आहे का?’ कोणीही ‘हो’ म्हणत नाही. मग लगेच दुरुस्तीचे वाक्य पुढे करा: कुलूपबंद वाहनात ठेवलेले शस्त्र, दारूगोळा आणि सुटे भाग यांना हा नियम लागू नाही. वाक्य लिहून न्या. तोंडी सूचना इतिवृत्तात विरघळून जातात.

वाहनाच्या अपवादामागे सुरक्षेचेही कारण आहे. होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात बसलेले पिस्तूल शांत असते. धोका वाढतो तो ते बाहेर काढताना आणि परत घालताना: शर्टाचे टोक किंवा जॅकेटची दोरी ट्रिगरमध्ये अडकते आणि गोळी सुटते. दर इमारतीच्या दाराशी पाटी लावली की परवानाधारक माणूस हे काम वाहनतळावर, अडचणीच्या सीटवर, दिवसातून चार वेळा करणार. शिवाय गाडीत ठेवलेले पिस्तूल चोराच्या सोयीचे. सीटच्या लोखंडी सांगाड्याला केबलने बांधलेली पेटी चोराला थोडा वेळ अडवते, त्याहून जास्त नाही. इमारतीत बंदी हवीच असेल तर दाराजवळ लॉकर ठेवा, अशी मागणी करा. आणि हाही प्रश्न विचारा: मेटल डिटेक्टर आणि रक्षक ठेवायची मुभा याच कलमात आहे, ती वापरणार का? कोर्टात दाराशीच तपासणी होते. तिथल्या बंदीबद्दल आमची तक्रार नाही, कारण आत शिरलेला प्रत्येकजण निःशस्त्र आहे याची खात्री कोणीतरी केलेली असते. नुसती पाटी मात्र ज्याच्या मनात काही नाही त्यालाच थांबवते. चोर सोडून संन्याशाला सुळी, हा त्यातला प्रकार.

भाड्याच्या जागेचाही मुद्दा आहे. इमारत काऊंटीच्या मालकीची नसेल तर बंदी फक्त सरकारी कामाला वापरल्या जाणाऱ्या भागाला, आणि त्या वापराच्या वेळेपुरतीच लागू होते. मसुद्यात ही मर्यादा उतरली आहे का ते पाहा.

सगळ्यात ढिसाळ भाग रस्त्यांचा. परवानगी घेतलेल्या कार्यक्रमाचा रस्ता आणि त्याला लागून असलेली जागा, इथवर ठीक. पण ज्या कार्यक्रमाला परवानगी लागली असती तोही यात येतो, म्हणजे परवानगी न घेता जमलेला जमावसुद्धा. समोर जमलेल्या माणसांना परवानगी लागली असती की नाही, हे रस्त्याने दूध आणायला निघालेल्याने कसे ओळखायचे? आणि ‘लागून’ म्हणजे किती फूट? पलीकडचा फूटपाथ धरायचा की पुढचा चौक? मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काऊंटीच्या २०२२ च्या नियमात सार्वजनिक जागांभोवती १०० यार्डांचा पट्टा होता. आम्हाला तो फार रुंद वाटतो, पण निदान मोजता तरी येतो. तुमच्या मसुद्यात आकडा नसेल तर आकडा मागा.

आता नकाशा. फेअरफॅक्समध्ये पोटोमॅक नदीकाठी दोन उद्याने एकमेकांना चिकटून आहेत. वरच्या अंगाला रिव्हरबेंड पार्क, ते काऊंटीच्या पार्क अथॉरिटीचे. खालच्या अंगाला ग्रेट फॉल्स पार्क, ते नॅशनल पार्क सर्व्हिसचे. नदीकाठची पायवाट एकातून दुसऱ्यात जाते. राष्ट्रीय उद्यानांत फेब्रुवारी २०१० पासून शस्त्र बाळगण्याबाबत त्या त्या राज्याचा कायदा चालतो, आणि काऊंटीचा नियम फक्त काऊंटीच्या पार्कांना लागतो. म्हणजे रिव्हरबेंडमध्ये गुन्हा, पुढे त्याच पायवाटेवर कायदेशीर, आणि ग्रेट फॉल्सच्या व्हिजिटर सेंटरचा उंबरा ओलांडला की फेडरल इमारत म्हणून पुन्हा गुन्हा. एका सकाळच्या फेरफटक्यात तीन कायदे. तुमच्या काऊंटीत असे जोड कुठे आहेत ते शोधा. ४५ मैलांची डब्ल्यू अँड ओ डी ट्रेल आर्लिंग्टनपासून परसेलव्हिलपर्यंत कितीतरी हद्दी ओलांडते, आणि आपल्यातले बरेच जण तिच्यावर रोज सायकल चालवतात.

बंदीची सूचना पार्कच्या सगळ्या प्रवेशद्वारांवर लावली पाहिजे, असे कलम सांगते. फेअरफॅक्सकडे चारशेहून जास्त पार्क आहेत. फाटक असलेले प्रवेशद्वार सोपे. पण घरांच्या मागून पार्कात शिरणाऱ्या पाऊलवाटा, ओढ्यावरचे लाकडी पूल, शाळेच्या मैदानातून येणारी वाट यांचे काय? मतदानाआधी बोर्डाकडून प्रवेशांची यादी आणि पाट्यांचा खर्च मागून घ्या. व्हर्जिनियाच्या माहिती अधिकार कायद्याखाली पाच कामकाजी दिवसांत उत्तर द्यावे लागते. ते आणखी सात कामकाजी दिवस मागू शकतात. म्हणून अर्ज मसुदा जाहीर होताच करा, सुनावणीच्या आठवड्यात नव्हे. त्याच अर्जात पार्कांमध्ये परवानाधारकांकडून घडलेल्या बंदुकीच्या गुन्ह्यांची पोलीस नोंद मागा. नोंदी नाहीत असे उत्तर आले तर तेच वाचून दाखवा.

आता आपल्या लोकांपुरते. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन अशा व्हिसावर असणाऱ्यांना फेडरल कायद्याने बंदूकच काय, दारूगोळा बाळगायलाही मनाई आहे. शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नका. शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे. ग्रीन कार्डवाल्यांना मात्र बंदूक घेता येते आणि लपवून बाळगायचा परवानाही मिळतो: वय २१, समोरासमोर घेतलेले प्रशिक्षण, सर्किट कोर्टात अर्ज, ५० डॉलरच्या आत शुल्क, ४५ दिवसांत निर्णय, ५ वर्षे मुदत. म्हणजे सगळी पार्श्वभूमी तपासून कोर्टाने हिरवा कंदील दाखवलेला माणूस. इमिग्रेशन कायद्यातल्या हद्दपारीच्या कलमात मात्र बंदुकीच्या गुन्ह्यासाठी ‘कोणत्याही कायद्याखाली’ दोषी ठरणे असे शब्द आहेत. चुकून रिव्हरबेंडच्या हद्दीत शिरलेला नागरिक दंड भरून सुटेल, ग्रीन कार्डवाल्याची गाठ इमिग्रेशन कोर्टाशी पडू शकते. परवानाधारकांना वगळा, किंवा पहिल्या वेळी फक्त बाहेर जायला सांगा आणि नकार दिला तरच गुन्हा धरा, ही मागणी करायला यापेक्षा भक्कम कारण आम्हाला दिसत नाही. स्थलांतरितांच्या बाजूने बोलणाऱ्या सुपरवायझरांनाही ते टाळता येत नाही.

दुसऱ्या बाजूचेही एक म्हणणे आम्हाला पटते. बोर्डाच्या सभेत पाठीला रायफल लटकवून येणारा माणूस बाकीच्यांची वाचा बसवतो. सुनावणीला तसे जाऊन बंदीलाच मते मिळवून देऊ नका. उघडी रायफल आणि परवान्यासह झाकलेले पिस्तूल यांत फरक करा, अशी दुरुस्ती तुम्हीच सुचवलीत तर मधली मते तुमच्याकडे झुकतात.

सुनावणीचे थोडक्यात. जाहीर सूचना मतदानाआधी वर्तमानपत्रात दोनदा द्यावी लागते, तारखा तपासा. बोलणाऱ्यांच्या यादीत नाव आधी नोंदवा. तीन मिनिटांत साधारण ३५० शब्द बसतात, त्यात एकच मुद्दा घ्या. पाच जण असाल तर मुद्दे वाटून घ्या: एकाने काडतूस, एकाने पाट्या, एकाने ‘लागून’ची व्याख्या, एकाने ग्रीन कार्ड, एकाने दुरुस्त्यांची लेखी प्रत. तीच प्रत क्लर्ककडे देऊन पोच घ्या आणि आपल्या डिस्ट्रिक्टच्या सुपरवायझरला आठवडाभर आधी ईमेल करा. मत बहुधा सभेआधीच ठरलेले असते.

नियम तरीही मंजूर झाला, तर लागू होण्याच्या तारखेनंतर पार्कांच्या आडवाटा फिरून कुठे पाटी नाही त्याचे तारखेसह फोटो काढा आणि बोर्डाला पाठवा. पाटी नसणे हा बचाव कोर्टात किती टिकेल यावर भरवसा ठेवू नका. फोटो काढायला जाताना पिस्तूल घरी ठेवा, आणि रेंज बॅगही गाडीतून काढा.